कच्च्या कैद्याचा जामीन: कलम ४७९चा अर्ज नागपुरात कसा करायचा

वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात घरचं माणूस खटला न संपता अडकलं असेल, तर आधी कॅलेंडर घेऊन बसा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याचं) कलम ४७९ दिवसांच्या हिशेबावर चालतं. गुन्ह्याला जितकी कमाल शिक्षा आहे, तिच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून आत गेला की जामिनाचा हक्क उभा राहतो. आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक-तृतीयांश काळ पुरतो. इथे ‘शिक्षा’ महत्त्वाची. नुसती अटक झाली होती म्हणून ही सवलत जात नाही.

साध्या चोरीची कमाल शिक्षा ३ वर्षे. म्हणजे आधी शिक्षा न झालेल्याला १ वर्ष, इतरांना दीड वर्ष. राहत्या घरातल्या चोरीला ७ वर्षे, तिथे हाच हिशेब २ वर्षे ४ महिने आणि साडेतीन वर्षे असा होतो. मोजणी अटकेच्या दिवसापासून, पोलीस कोठडीसकट. आरोपीनेच पेश्या (सुनावण्या) लांबवल्या असतील तर तेवढे दिवस वजा होतात. गुन्हा २०२४ च्या आधीचा असला तरी बिघडत नाही. जुन्या प्रलंबित खटल्यांनाही हे कलम लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं.

फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यांना हा मार्ग बंद आहे. खरी अडचण मात्र पोटकलम २ची. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही. एकाच एफआयआरमध्ये तीन-चार कलमं लावण्याची पद्धत पाहता, एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखंच हे झालं. अशा वेळी नेहमीचा जामीन अर्ज करावा, तो हक्क कुठेही गेलेला नाही.

अर्ज कोणी करायचा? काळ पूर्ण होताच न्यायालयाला लेखी कळवणं ही कायद्याने कारागृह अधीक्षकांची जबाबदारी आहे. तरी त्यावर विसंबून राहू नका. अधीक्षकांच्या नावे साधं पत्र द्या: बंद्याचं नाव, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, अटकेची तारीख, कलमं आणि पूर्ण झालेला काळ. पोच घ्या. सोबतच वकिलामार्फत खटला चालू असलेल्या न्यायालयात अर्ज टाका. सरकारी वकिलाचं म्हणणं ऐकून न्यायालय लेखी कारणं देऊन कोठडी वाढवू शकतं, त्यामुळे हिशेब तारखांसकट मांडलेला बरा.

कागद फार नाहीत. एफआयआर आणि दोषारोपपत्राची प्रत, रिमांडचे (कोठडीत ठेवण्याचे) आदेश, किती दिवस आत आहे याचा कारागृहाचा दाखला, आणि बंद्याच्या सहीचा, कारागृहाने साक्षांकित केलेला वकालतनामा (वकीलपत्र). वकालतनाम्यातलं नाव एफआयआरशी अक्षरशः जुळवून घ्या. आधारवर ‘रामेश्वर’ आणि एफआयआरमध्ये ‘रामा’ असलं की पुढची पेशी त्यातच जाते. खटल्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक हाताशी असला तर ई-कोर्टवर तारीख घरबसल्या कळते.

वकिलाला पैसे नसतील तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागायचं कारण नाही. हेल्पलाइन १५१००.

आता जामीनदार. माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. आदेश होतो, पण सातबारा, घरटॅक्सची पावती किंवा ऐपतीचा दाखला घेऊन उभा राहणारा कोणी नसतो. एक-तृतीयांशवाल्यांनी इथे एक गोष्ट वकिलाकडून आवर्जून मांडून घ्यावी: त्यांना ‘बंधपत्रावर’ सोडायचं असं कलमात म्हटलंय, आणि संहितेच्या कलम २ नुसार बंधपत्र म्हणजे जामीनदाराशिवायचा जातमुचलका, स्वतःच स्वतःची दिलेली लेखी हमी. इतरांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश उपयोगी पडतात. आदेशानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिकच जामीनदार हवा, असा आग्रह न धरण्याबद्दलही त्यात सांगितलंय.

रोख रकमेसाठी केंद्राची गरीब कैद्यांना साहाय्याची योजना आहे. २०२३ च्या सूचनांमध्ये कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, तर शिक्षा झालेल्याला दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरली होती. निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. अमली पदार्थ, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांना ती नाही.

आदेश हातात पडला तरी कारागृहात आधी एक चौकशी करा: दुसऱ्या कोणत्या न्यायालयाचं प्रॉडक्शन वॉरंट (बंद्याला तिथे हजर करण्याचा आदेश) नावावर आहे का? असलं तर त्या न्यायालयातही जामीन घ्यावा लागतो, नाहीतर या आदेशावर फाटक उघडत नाही.