महिनाभराचे गुरुजी: परदेशी बालगृहांत संगीत शिकवायला जाण्यामागचा इतिहास

मिरजेत तबला-पेटीच्या परीक्षा दिलेल्या किंवा सांगलीत चित्रकला शिकलेल्या मुलामुलींना हल्ली मोबाईलवर एक जाहिरात हमखास दिसते. नेपाळला, कंबोडियाला नाहीतर केनियाला दोन-चार आठवडे जा, अनाथ मुलांना गाणं शिकवा, त्यांच्याकडून चित्रं काढून घ्या. विमानाचं तिकीट तुमचं, राहण्या-जेवणाचे पैसे तुमचे, वर संस्थेची फी. नेपाळ तर आपल्याकडच्यांना परकाही वाटत नाही. विटा-खानापूर भागातले गलाई (सोनं-चांदी गाळणारे) व्यावसायिक देशभर पसरलेत तसे तिकडेही गेलेत. घरचे म्हणतात, चांगलं काम आहे, जाऊन ये.

या जाहिरातीमागे बराच जुना इतिहास आहे. तो समजला की तिच्यातले काही शब्द, विशेषतः 'अनाथ' आणि 'शिकवा' हे दोन, जरा खटकू लागतात.

सुरुवात व्हेनिसपासून करावी लागते. तिथली 'पिएता' ही संस्था १३४६ पासूनची. टाकून दिलेली तान्ही मुलं तिथे येत. मुलगे मोठे झाले की एखाद्या कारागिराच्या हाताखाली जात. मुली संस्थेतच राहत आणि त्यांच्यापैकी ज्यांना गळा किंवा हात असे त्यांना रीतसर संगीताची तालीम मिळे. १७०३ मध्ये विवाल्डी नावाचा तरुण पाद्री वर्षाला ६० डुकाट पगारावर तिथे व्हायोलिनचा मास्तर म्हणून लागला. मध्ये मध्ये खंड पडला, तरी पुढची तीन-साडेतीन दशकं त्याचा त्या संस्थेशी संबंध राहिला. त्याच्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी आन्ना मारिया. तिला आडनाव नव्हतं, म्हणून वाद्याचंच नाव लागलं: 'व्हायोलिनची आन्ना मारिया'. विवाल्डीने खास तिच्यासाठी रचना केल्या. पुढे ती तिथेच धाकट्या मुलींना शिकवू लागली आणि १७८२ मध्ये वारली तीही त्याच संस्थेत. म्हणजे शिकवणारी माणसं बाहेरून येत होती खरी, पण रोजची तालीम घरातल्याच थोरल्या मुलींच्या हातात होती.

या मुली जाळीआड बसून वाजवत. युरोपभरचे हौशी प्रवासी व्हेनिसला आले की हे ऐकल्याशिवाय परत जात नसत. देणग्या येत, मृत्युपत्रांतून रकमा येत. १७४० च्या दशकात फ्रेंच विचारवंत रूसो तिथल्या अशाच दुसऱ्या एका संस्थेत गेला. जाळीआडच्या आवाजांवर भाळून त्याने गायिकांना भेटायचा हट्ट धरला. भेटल्यावर कुणाचा एक डोळा गेलेला, कुणाच्या तोंडावर देवीचे व्रण, हे पाहून त्याचा चेहरा पडला. हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. पाहुण्याला मूल कसं दिसायला हवं हेही पाहुणा घरून ठरवून येतो, आणि त्याला तीनशे वर्षं होत आली.

लंडनचं फाउंडलिंग हॉस्पिटल याच शतकातलं. टॉमस कोरम हा निवृत्त दर्यावर्दी सतरा वर्षं खटपट करत होता, तेव्हा १७३९ मध्ये राजाची सनद मिळाली. चित्रकार होगार्थ विश्वस्तांमध्ये होता. त्याने स्वतःची चित्रं दिली, इतर चित्रकारांकडूनही मिळवली आणि ती पाहायला शहरातली बडी मंडळी येऊ लागली. मे १७५० मध्ये संगीतकार हँडेलने तिथल्या प्रार्थनामंदिरात 'मसाया' या आपल्या समूहगायनाच्या मोठ्या रचनेचा मदतीसाठी प्रयोग केला. गर्दी इतकी झाली की लोकांना परत पाठवावं लागलं आणि त्याच महिन्यात दुसरा प्रयोग लावावा लागला. पुढे हे दरसालचंच झालं. हँडेलने मृत्युपत्रात त्या रचनेची एक प्रत संस्थेला ठेवली. हे सगळं मोठं मनाचंच होतं. पण त्याच आवारात रविवारी प्रतिष्ठित स्त्रीपुरुष मुलांना जेवताना पाहायला येत, हेही तितकंच खरं.

आणि ही मुलं अनाथ होती का? बहुतेकांची आई जिवंत होती. मूल सोडताना ती कापडाचा तुकडा, मोडलेलं नाणं, एखादं पदक खुणेसाठी ठेवून जाई, कधी दिवस पालटले तर ओळख पटवून परत नेता यावं म्हणून. त्या खुणा आजही लंडनच्या संग्रहालयात आहेत. परत नेलेली मुलं मात्र फारच थोडी.

एकोणिसाव्या शतकात 'परदेश' म्हणजे आपण होतो. अमेरिकन मिशनरी १८४९ पासून साताऱ्यात होते. मिरजेला वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं, ते नाव आजही गावाच्या तोंडी आहे. दुष्काळात मिशनांच्या वसतिगृहांत पोरकी मुलं आली आणि त्यांच्याकडून विलायती चालींवर मराठी शब्द बसवलेली गाणी म्हणून घेतली जाऊ लागली. ती कानाला परकीच राहिली. मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग-ओवीचं वळण मिळालं ते रेव्हरंड ना. वा. टिळकांसारखी इथलीच माणसं लिहू लागल्यावर.

आपल्याकडचं काम वेगळ्या वाटेने चाललं होतं. जोतीराव मूळचे साताऱ्यातल्या कटगुणचे, सावित्रीबाई नायगावच्या. त्यांनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये बालकाश्रम सुरू केला. कर्मवीर भाऊरावांचं साताऱ्याचं शाहू बोर्डिंग १९२४ चं. ते अनाथालय नव्हतं, पण पोटाला नाही म्हणून शिक्षण सुटू नये हाच हेतू. यांपैकी कुणाच्याही डोक्यात कलेचं शिक्षण पहिलं नव्हतं. जेवण, अक्षर आणि हाताला काम, हा क्रम होता, आणि त्या परिस्थितीत तो बरोबरच होता.

मग येतं वळिवडे. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वेने जाताना हे नाव स्टेशनच्या पाटीवर दिसतं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतल्या सुमारे पाच हजार माणसांची वसाहत १९४३ ते १९४८ या काळात इथे होती, मुख्यतः बायका आणि मुलं. त्याआधी १९४२ मध्ये गुजरातेतल्या नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उभारली होती. ती बंद झाल्यावर तिथली काही मुलंही वळिवड्याला आली. साताऱ्यातल्या पाचगणीलाही पोलिश मुलांना हवापालटासाठी ठेवलं जाई.

वळिवड्यात शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते, नाटकं आणि समूहगान होतं, पोलिश लोकनृत्यं बसवली जात होती. ती शिकवायला बाहेरून कुणी आलेलं नव्हतं. त्याच बायका, त्यांच्यातल्याच शिक्षिका. स्वतःचं घरदार गेलेलं, नवरा आघाडीवर किंवा बेपत्ता, आणि तरी मुलांना आपली गाणी यायलाच हवीत हा आग्रह. देश नकाशावर परत मिळेल की नाही याची खात्री नसताना निदान तो मुलांच्या तोंडी राहावा, एवढाच त्यामागचा विचार असावा. वांदा दिनोव्स्का ही थिऑसॉफी या अध्यात्मपंथातली पोलिश बाई १९३५ पासून भारतात होती, 'उमादेवी' या नावाने ओळखली जाई. तिने या निर्वासितांमध्ये काम केलं, पुढे तिबेटी मुलांमध्ये केलं आणि १९७१ मध्ये ती इथेच, म्हैसूरला वारली. परदेशी स्वयंसेवक म्हणायचं तर तिला म्हणावं.

त्याच वर्षांत तिकडे पोलंडमध्ये डॉक्टर-लेखक यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या ज्यू मुलांनी वॉर्सा घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, एक नाटक केलं. तारीख १८ जुलै १९४२, नाटक रवींद्रनाथांचं 'डाकघर'. खिडकीशी बसून जगाची वाट पाहणारा आजारी अमल. तीन आठवडेही झाले नाहीत तोच ती मुलं आणि कोर्चाक ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले गेले. कोर्चाक यांना स्वतःपुरती सुटका करून घेण्याची संधी आली होती, ती त्यांनी घेतली नाही. इथे कला होती, पण तिच्या आधी तीस वर्षांचा सहवास होता.

परदेशी जाऊन विनामोबदला राबण्याची आजची संघटित पद्धत पहिल्या महायुद्धानंतरची. १९२० मध्ये पिएर सेरेसोल या स्विस शांतताप्रेमी इंजिनिअरने फ्रान्समधल्या वेर्दूं या रणभूमीजवळचं उद्ध्वस्त गाव उभारायला माणसं नेली, त्यांत जर्मनही होते. हीच मंडळी बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर भारतात आली. मग परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या मोठ्या संस्था आल्या: १९५८ मध्ये ब्रिटनची व्हीएसओ, १९६१ मध्ये अमेरिकन सरकारची पीस कोअर. पीस कोअरची माणसं १९७६ पर्यंत भारतात होती. त्यांची मुदत दोन वर्षांची, आणि जाण्याआधी स्थानिक भाषा शिकावी लागे. ही अट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे तीच गळाली.

१९८९ च्या डिसेंबरात रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या बालगृहांची चित्रं जगभर टीव्हीवर दिसली. लाखाहून अधिक मुलं संस्थांमध्ये, कित्येक पाळण्याच्या गजांना धरून तासन्‌तास डोलत बसलेली. पश्चिम युरोपातून ट्रक भरभरून माणसं गेली, खेळणी, रंग, गिटारी घेऊन. पुढे २००० पासून बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. निम्मी मुलं संस्थेतून काढून पालक कुटुंबात ठेवली गेली, आणि त्यांचं बोलणं, बुद्धी, जवळीक सगळंच संस्थेतल्या मुलांपेक्षा सुधारलं. वयाच्या दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचं तर सर्वांत जास्त. मुलाला सर्वांत आधी लागतं ते एक ठरलेलं माणूस, हे आजीला ठाऊक असलेलं सत्य मोजमापासह सिद्ध झालं.

नेमक्या याच काळात उलटी गोष्ट घडत होती. शिक्षण आणि नोकरी यांच्या मधलं वर्ष परदेशात घालवणारी तरुण मंडळी वाढली, त्यांना 'अनुभव' विकणाऱ्या खासगी कंपन्या आल्या आणि दोन वर्षांचे दोन आठवडे झाले. भाषेची अट गेली. गाणं आणि चित्रकला यांना मागणी आली ती त्यामुळेच: गणित शिकवायला भाषा लागते, टाळ्या वाजवून गाणं म्हणायला लागत नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, अनाथ मुलं वाढलेली नसताना. तिथल्या दर चार मुलांमागे जवळपास तिघांचे आई किंवा वडील हयात होते. नेपाळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलाल मुलं आणत, शिक्षणाचं आमिष दाखवून पालकांकडून पैसेही घेत आणि काठमांडू-पोखऱ्याकडे, म्हणजे पर्यटक असतात तिथे, ठेवत. लंडनच्या कापडाच्या तुकड्यांची आठवण होते. फरक इतकाच, की लंडनची आई गरजेपोटी दाराशी आली होती. इथे दारच आईच्या गावी गेलं.

मग बोलणं सुरू झालं. २०११ मध्ये कंबोडियातूनच 'मुलं ही प्रेक्षणीय स्थळं नव्हेत' अशी मोहीम निघाली. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याच्या वेळी पैशासाठी मुलं बालगृहांत आणून ठेवणं हा गुलामगिरीचाच प्रकार मानला. असं करणारा तो पहिला देश. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरावातच बालगृहांतल्या पर्यटक-स्वयंसेवेमुळे होणाऱ्या नुकसानीचा उल्लेख केला. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक बालगृहाला नोंदणी सक्तीची केली. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड होईल असा फोटो प्रसिद्ध केला तर कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हौसेने बालगृहात वाढदिवस साजरे करून स्टेटसला फोटो टाकणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

महिनाभरात शिकवून काय होतं, हा प्रश्न मिरजेत विचारायला अवघड आहे. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले म्हणून शाळा सुटली आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला राहिले. ते १८९६ मध्ये बाहेर पडले तोवर सुमारे नऊ वर्षं झाली होती. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा गरीब विद्यार्थ्यांना त्यांनी राहायला-जेवायला घालून शिकवलं, आणि खर्च भागवायला स्वतः तिकीट लावून जलसे केले. इथे गाणारे गुरुजी होते आणि शिकणारी मुलं. पैसे गुरुजींनी कमवायचे. व्हेनिसला याच्या उलट होतं.

आपल्याकडच्याच एका बालगृहाच्या अडगळीत मी तबल्याची जोडी पाहिली होती. कुणी तरी वर्षश्राद्धाला दिलेली. शाईचे टवके उडालेले, वादी कुरतडलेली, गट्टे दोनच उरलेले, डग्ग्यात सुतळीचे गुंडे भरून ठेवलेले. जवळच्याच गावात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, बदलून देणारा कारागीर होता. त्याच्याकडे तो तबला कुणी नेला नव्हता, कारण देणाऱ्याने वाद्य दिलं होतं, शिकवणारा दिला नव्हता.

या क्षेत्रातल्या जाणत्या संस्था आता वेगळ्या रीतीने काम करतात. नेदरलँड्समध्ये १९९९ पासून असलेली 'म्युझिशियन्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था युद्धग्रस्त भागांत मुख्यतः तिथल्याच गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना तयार करते. पाहुणा निघून गेला तरी वर्ग चालू राहतो. बालगृहात थेट स्वयंसेवक पाठवणं कित्येक जुन्या संस्थांनी बंद केलं आहे.

आपल्या राज्याचं धोरणही त्याच दिशेचं आहे. बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलासाठी महिना २,२५० रुपये मिळतात. कोविडमध्ये आई-वडील दोघेही गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली. त्यामुळे सांगली-साताऱ्यातली अशी मुलं एका हॉलमध्ये ओळीने बसलेली सापडत नाहीत. ती आजोळी आहेत, चुलत्याकडे आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. त्यांना गाणं-चित्रकला मिळायची तर शाळेतूनच मिळेल. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद आहे, पण शंभराच्या वर पट असेल तरच. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट बहुधा तिथवर जातच नाही.