बोलताना थबकणारी पावलं

संध्याकाळी आत्याला घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारातून सुरसागर तलावापर्यंत चालत जाते. वाटेत काही विचारलं की ती थांबते. "थांब गं, आठवू दे," म्हणते, उत्तर देते, मगच पुढचं पाऊल टाकते. मला तो तिचा स्वभाव वाटायचा.

१९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या ५८ जणांची हीच गोष्ट पाहिली. चालताना बोलायला लागताच १२ जण थांबले, आणि त्यांतले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले.

तरुणपणी पाऊल आपोआप पडतं. वयानुसार पायांतली ताकद घटते, तोल सांभाळायला लक्ष द्यावं लागतं. त्याच वेळी आठवणही काढायची म्हटली तर मेंदू एकच काम निवडतो. शरीराचा थकवा आणि स्मृती-विचारांचा मंदपणा असे एकत्र आले, पण स्मृतिभ्रंश झालेला नसला, तर त्याला 'कॉग्निटिव्ह फ्रेल्टी' म्हणतात. ही व्याख्या २०१३ साली तज्ज्ञांच्या गटानं मांडली. ही अवस्था निदान काही जणांत मागे फिरवता येऊ शकते, म्हणून मला ती इतकी महत्त्वाची वाटते.

इथं संगीत कामाला येतं. नुसता ठेका ऐकला, हातपाय हलवले नाहीत, तरी मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात. जिनिव्हात ६५ वर्षांवरच्या १३४ जणांवर प्रयोग झाला. आठवड्यातून एकदा, तासभर, सहा महिने. पियानोच्या तालावर चालायचं, आणि ताल बदलला की चालही बदलायची. ही पद्धत मूळची स्वित्झर्लंडचे संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ यांची. शिकणाऱ्यांचं पडणं बरंच कमी झालं, आणि दुसरं काम करत चालतानाही त्यांची पावलं जास्त सारखी पडू लागली. ही माणसं पडण्याचा धोका असलेली होती, सगळी कॉग्निटिव्ह फ्रेल्टीची नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवं.

माझ्या मते गुण त्या ताल बदलण्यात आहे. एकच पाऊल पाठ झालं की मेंदूला काम उरत नाही. आपल्या बडोद्यात तर दोन परंपरा हाताशी आहेत: मंगळागौरीचा झिम्मा आणि गरब्याची दोन टाळी, तीन टाळी. गाणं आठवायचं, समोरच्या हातावर टाळी द्यायची, पाऊल सांभाळायचं, सगळं एकदम. आत्या आता घरी हेच करते. मी मध्येच "तीन टाळी" म्हणते. चुकली की ती स्वतःच पुन्हा पहिल्यापासून गाणं धरते. तिला चुकू द्यावं, लगेच सुधारू नये.

सुरुवात बसूनच करावी. उभं राहिल्यावर भक्कम खुर्ची हाताशी हवी, पायात न घसरणारी चप्पल हवी, लय संथ हवी. चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. फुगडी मात्र नाही. आत्यानं दोनदा मागितली, तरी नाही.