काँट्रॅक्ट नेट

काँट्रॅक्ट नेट : वितरित कृत्रिम बुद्धिमत्तेतील कामवाटपाची पद्धत. कारखान्यातील वेळापत्रक-आखणीसाठी ती विशेष अभ्यासली गेली. तीत सर्व यंत्रांचे वेळापत्रक एकच मध्यवर्ती संगणक ठरवत नाही. यंत्रांचे प्रतिनिधित्व करणारे स्वतंत्र प्रोग्राम, म्हणजे एजंट, निविदा काढून व बोली लावून कामे आपसांत वाटून घेतात.

पद्धतीचे जनकत्व सहसा रीड स्मिथ यांना देतात. त्यांचा मुख्य निबंध १९८० चा असला, तरी मूळ काम १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातले, स्टॅनफर्ड येथील आहे. बोली मागवून काम देण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड फार्बर यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या वितरित संगणक प्रणालीत ती आढळते. तरीही स्मिथ यांचे श्रेय टिकते असे दिसते. त्यांच्या पद्धतीत निवड दुतर्फा आहे : निविदा काढणारा बोलींतून निवडतो, तसाच बोली लावणाराही हाती आलेल्या अनेक निविदांतून आपल्याला जमेल ते काम निवडतो. रँडल डेव्हिस यांच्यासह लिहिलेल्या १९८३ च्या निबंधात वाटाघाटीची ही बाजू अधिक स्पष्ट झाली.

निविदेत चार गोष्टी असतात : बोली कोणी लावावी याची पात्रता, कामाचे थोडक्यात वर्णन, बोलीत काय कळवावे आणि अंतिम मुदत. भूमिका कायमच्या नसतात. एका कामाचा कंत्राटदार त्याच कामाचा भाग पुढे पोटकंत्राटाने देऊ शकतो.

वेळापत्रकाचा प्रश्न किती अवघड, हे १० कामे व १० यंत्रांच्या एका प्रसिद्ध उदाहरणावरून कळते. ते १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले; सर्व कामे पुरी होण्यास त्यात किमान ९३० वेळ-एकके लागतात, याची सिद्धता कार्लिए व पिन्सों यांनी १९८९ मध्ये दिली. शिवाय कारखान्यात यंत्र मध्येच बंद पडते, तातडीची ऑर्डर येते. अशा वेळी सगळे वेळापत्रक नव्याने मांडण्याऐवजी तेवढ्याच कामाची निविदा पुन्हा काढता येते, हे या पद्धतीचे खरे बळ. व्हॅन डाइक पारुनाक यांनी अ‍ॅन आर्बर येथे १९८० च्या दशकात ‘यॅम्स’ ही अशी प्रणाली रचली.

अमेरिकेतील फोर्ट वेन येथे जनरल मोटर्सच्या ट्रक कारखान्यात डिक मॉर्ली यांनी रंगकामासाठी याच जातीची बोलीपद्धत वापरली. ट्रक पुढे आला की रंगकक्ष त्याच्यासाठी बोली लावत. ज्या कक्षात तोच रंग आधीपासून भरलेला, त्याची बोली वरचढ ठरे. कारण रंग बदलायचा म्हणजे नळ्या धुवायच्या, रंग वाया घालवायचा.

उणीव अशी की प्रत्येक करार त्या क्षणापुरता पाहून होतो. चांगले यंत्र साध्या कामात अडकले आणि लगेच मागून अवघड काम आले, तर एकूण वेळापत्रक बिघडते. सर्वोत्तम उत्तराची हमी नसते. मकोतो योकोओ व सहकाऱ्यांनी १९९२ पासून विकसित केलेल्या वितरित बंधनपूर्तीच्या, म्हणजे सर्व अटी पाळणारे उत्तर एजंटांनी मिळून शोधण्याच्या, रीतीत घेतलेला निर्णय मागे घेता येतो, पण त्यासाठी निरोपांची देवाणघेवाण फार वाढू शकते. एजंट-प्रणालींची मानके ठरवणाऱ्या ‘फिपा’ संस्थेने काँट्रॅक्ट नेटचा थोडा सुधारलेला आराखडा २००२ मध्ये प्रमाण मानला. त्यात बोली नाकारण्याचा निरोपही स्पष्टपणे दिला आहे.