कार्बन फ्रेमवरच्या आकड्यांचा इतिहास

घरी माउंटन बाइक जोडायची ठरवली की पहिली गाठ पडते ती फ्रेमच्या वर्णनातल्या आकड्यांशी. मागच्या चाकाचा १४८ बाय १२ मिमीचा अ‍ॅक्सल, ७३ मिमी आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्याचं बेअरिंग बसतं तो भाग), ३१.६ चा सीटपोस्ट (सीटखालची नळी), टेपर्ड हेडट्यूब (फोर्क बसतो ती, खाली रुंद होत जाणारी नळी), यूडीएच हँगर (मागचं डीरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, टांगायची कडी). वजन आणि रंग आवडला की फ्रेम घेऊन टाकावी, बाकीचं नंतर बघू, असा मोह होतो. पोलादी फ्रेमच्या बाबतीत ते एकवेळ खपून जातं. तिचे मागचे पाय थोडे फाकवता येतात, आटे पुन्हा पाडता येतात, एखादी कडी झाळून लावता येते. कार्बनची फ्रेम साच्यातून बाहेर पडते तेव्हाच तिची सगळी मापं कायमची ठरलेली असतात. त्यामुळे फ्रेम निवडणं म्हणजे हब (चाकाचा मधला भाग), क्रँक (पेडलचे दांडे), फोर्क (पुढच्या चाकाचा चिमटा), सीटपोस्ट आणि डीरेलर हे सगळं एकदमच निवडणं. आणि यातलं प्रत्येक माप कुठल्या तरी जुन्या अडचणीतून आलेलं आहे. ती अडचण कळली की कुठलं माप टिकणारं आणि कुठलं सोडून द्यायचं, हे ठरवणं बरंच सोपं होतं.

हा खेळच मुळात घरी जोडलेल्या सायकलींवर उभा राहिला. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, माउंट तमालपाईसच्या उतारांवर, १९७० च्या दशकात काही तरुण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या श्विन कंपनीच्या जाड टायरच्या सायकली धुंडाळून आणत आणि त्यांवरून डोंगर उतरत. २१ ऑक्टोबर १९७६ ला फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर पहिली रीपॅक शर्यत झाली. सुमारे ३.४ किमी अंतर आणि जवळपास ४०० मीटरचा उतार. मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस एका उतरणीतच जळून जाई आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा भरावं लागे. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. गॅरी फिशरने अशा सायकलीला ड्रम ब्रेक, मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर आणि डीरेलर लावले. हाताला लागेल तो भाग घ्यायचा आणि बसवायचा, अशी ती रीत होती. मिळालेली फ्रेम हाच पाया, आणि बाकी सगळं तिच्याशी जुळवून घ्यायचं.

१९७७ मध्ये याच मंडळींतल्या जो ब्रीझने खास याच कामासाठी क्रोमोली पोलादाची नवी फ्रेम बांधली. १९७९ पासून टॉम रिची फ्रेम बांधू लागला आणि फिशर आणि चार्ली केली हे दोघे त्या विकू लागले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही माउंटन बाइक जपानात तयार होऊन दुकानांत आली. १९८२ मध्ये जपानी कंपनी शिमानोने माउंटन बाइकसाठी डिओर एक्सटी हा पूर्ण संच काढला, आणि इथून पुढे भागांची मापं मोठ्या कंपन्यांच्या हातात गेली.

कार्बनचा प्रवास वेगळ्या वाटेने आला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी पॉलिअॅक्रिलोनायट्राइलपासून कार्बनचा धागा काढण्याची पद्धत शोधली. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत तिच्यावर पुढचं काम झालं, आणि १९७१ मध्ये तोरे कंपनीने व्यापारी उत्पादन सुरू केलं. फ्रेमच्या जाहिरातीत दिसणारे टी७०० आणि टी८०० हे तोरेच्याच धाग्यांचे दर्जे. इथे एक सांगायला हवं: चांगली फ्रेम धाग्याच्या दर्ज्यावर जितकी अवलंबून असते त्याहून जास्त त्या धाग्यांचे थर कुठल्या दिशेने आणि किती नीट बसवले यावर असते. धाग्याची ताकद त्याच्या लांबीच्या दिशेने असते, आडव्या दिशेने ती धागे चिकटवणाऱ्या रेझिनइतकीच. नुसतं ‘टी८००’ लिहिलेलं पाहून हुरळून जाऊ नये.

सुरुवातीच्या कार्बन फ्रेम म्हणजे कार्बनच्या नळ्या अॅल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या. जायंटची १९८७ ची कॅडेक्स ९८०सी तशीच होती. कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून ओले झाले की अॅल्युमिनियम गंजतं, गोंद सुटतो, आणि त्या काळच्या कित्येक फ्रेम याच कारणाने गेल्या. १९८६ मध्ये केस्ट्रेलने सांधे टाळून साच्यातूनच अख्खी कार्बन फ्रेम काढली, तर १९९२ मध्ये ट्रेकने थरांमधली हवा दाबून बाहेर काढण्याच्या पद्धतीवर आपल्या फ्रेम उभ्या केल्या.

याच काळात कारखाने पूर्वेकडे सरकत होते, आणि यात श्विन पुन्हा भेटते. १९८० मध्ये तिच्या शिकागोच्या कारखान्यात संप झाला आणि कंपनीने काम तैवानच्या जायंटकडे वळवलं. पुढे तिने शेनझेनच्या एका कारखान्यात भागीदारी घेतली. जायंटने मग स्वतःच्या नावाने विक्री वाढवली आणि १९९२ मध्ये श्विनने दिवाळखोरी जाहीर केली. कौशल्य मात्र तैवानात आणि दक्षिण चीनमध्ये रुजलं. २०१० च्या सुमारास शियामेन आणि शेनझेन भागातले कारखाने बिननावाच्या कार्बन फ्रेम थेट गिऱ्हाइकाला विकू लागले. साचा महाग, प्रत्येक आकाराला वेगळा. म्हणून एकच साचा अनेक छोट्या ब्रँडना आणि सुट्या खरेदीदारांना पुरवला जातो. आज घरी कार्बन बाइक जोडणं सामान्य माणसाला परवडतं ते यामुळे.

आता मापांकडे. चाकाचा वाद सर्वांत गाजलेला. श्विनच्या जाड टायरमुळे २६ इंच आलं आणि तीस वर्षं टिकलं. २९ इंचांची रिम म्हणजे रस्त्याच्या सायकलीचीच ६२२ मिमी रिम. १९९९ मध्ये डब्ल्यूटीबी कंपनीचा नॅनोरॅप्टर टायर आल्यावर तिला डोंगरात शिरता आलं. मधलं २७.५ हे जुनं फ्रेंच ६५०बी. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या क्रॉस-कंट्री (डोंगरी आडवाटांच्या) शर्यतीत यारोस्लाव कुल्हावी २९ वर जिंकला, नीनो शुर्टर २७.५ वर दुसरा आला. २०१६ मध्ये रिओत शुर्टरने सुवर्ण घेतलं ते २९ वर. क्रॉस-कंट्रीपुरता वाद तिथे मिटला. स्वस्तात मिळणारी जुनी २६ इंची कार्बन फ्रेम मी तरी घेऊ नये असंच सांगेन, कारण तिला चांगला नवा फोर्क मिळणं अवघड आहे.

मोठ्या चाकाची एक किंमत होती: लांब स्पोक, त्यामुळे लवचीक चाक. मागचा हब १३५ मिमीचा होता. मग फ्रेमच्या खाचेत बसणारा १४२ आला, पण त्यात हबच्या, स्पोक जिथे अडकतात त्या कडा तिथेच राहिल्या. ट्रेक आणि गिअरचे भाग बनवणाऱ्या स्रामने २०१४ च्या सुमारास आणलेल्या १४८ मिमी बूस्टमध्ये त्या कडा दोन्ही बाजूंना ३ मिमी बाहेर गेल्या आणि चाक खरोखर ताठ झालं. पुढचा हब तसाच १०० वरून ११० झाला. हा बदल मला पटतो, आणि आज १४२ ची फ्रेम फक्त जुनी चाकं हाताशी असतील तरच घ्यावी.

बॉटम ब्रॅकेटची गोष्ट इतकी सुखाची नाही. जुना इंग्लिश आट्यांचा बॉटम ब्रॅकेट ठणठणीत होता, पण कार्बन फ्रेममध्ये आट्यांसाठी धातूची नळी आत चिकटवावी लागते आणि तिचं वजन होतं. कॅनंडेलने २००० मध्ये बीबी३० आणला, मागोमाग पीएफ३०, बीबी९२ असे दाबून बसवायचे प्रकार आले. त्यांना भोक अगदी नेमकं लागतं. साच्यात जरा फरक पडला की बेअरिंग हलतं, आत पाणी-माती जाते आणि पेडल मारताना कुरकुर सुरू होते. शेवटी अनेक कंपन्या आट्यांकडे परतल्या. सांता क्रूझने तर आपल्या कार्बन फ्रेममध्येही आटे सोडलेच नव्हते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या चिखलात सायकल घालणाऱ्याने ७३ मिमी आट्यांचीच फ्रेम बघावी, चार-पाच तोळे वजन वाढलं तरी. त्यात शिमानोच्या २४ मिमी दांड्याच्या आणि स्रामच्या २८.९९ मिमीच्या ‘डब’ दांड्याच्या, दोन्ही क्रँकचे बेअरिंग-कप सहज बसतात.

सीटपोस्टमध्ये ३०.९ आणि ३१.६ हीच मापं शोधावीत, कारण ड्रॉपर पोस्टची (चालता चालता खाली-वर होणाऱ्या सीटपोस्टची) निवड त्यांतच मोठी आहे. (उतारावर सीट खाली नेण्याची कल्पनाही मरिनचीच, जो ब्रीझने १९८० च्या दशकात त्यासाठी हाइट-राइट नावाची स्प्रिंग काढली होती.) फ्रेम किती मिमी दबणाऱ्या फोर्कसाठी आखली आहे ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावं. १०० च्या फ्रेमला १४० चा फोर्क लावला की हेडट्यूबवर नको तो ताण येतो.

सर्वांत नवी घडामोड मागच्या हँगरची. पूर्वी जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, आणि बिननावाच्या फ्रेमचा तुटला तर परदेशातून मागवण्यात सायकल आठवडेच्या आठवडे उभी. २०१९ मध्ये स्रामने सगळ्यांसाठी एकच हँगर, यूडीएच, खुला केला. त्यामागचा हेतू २०२३ मध्ये उघड झाला: स्रामचं नवं डीरेलर हँगर काढून त्याच जागी थेट फ्रेमवर बसतं. यूडीएच फ्रेमवर शिमानोचं साधं १२ गिअरचं डीरेलरही चालतं, स्रामचं नवंही. बिननावाची फ्रेम घेताना म्हणूनच मी यूडीएच आहे का ते आधी विचारतो, आणि लगेच दुसरा प्रश्न आयएसओ ४२१० या सायकल सुरक्षेच्या मानकानुसार झालेल्या चाचणीचा. अहवाल मागावा, आणि तो आपण घेतो त्याच मॉडेलचा, माउंटन बाइकच्या वर्गातला आहे ना, हे नीट वाचून मगच पैसे पाठवावेत.