सायकलची सीट : निवड आणि बसवणी

सायकल चालवताना स्वाराचे वजन सीट, पायडल आणि हँडल या तीन ठिकाणी विभागले जाते. ही विभागणी बिघडली की महागडी सीटही टोचू लागते. म्हणून सीटचा त्रास दूर करताना आधी आहे त्याच सीटची उंची, कल आणि पुढे-मागे जागा दुरुस्त करावी, मग रुंदी तपासावी, त्यानंतर आकार पाहावा. गादीच्या मऊपणाचा विचार सर्वांत शेवटी. दुकानात बहुतेक वेळा नेमके उलटे घडते. अंगठ्याने दाबून मऊ लागेल ती सीट घेतली जाते किंवा जुन्या सीटवर जेलचे कव्हर चढवले जाते, आणि दुखणे होते तिथेच राहते. त्यातून हे अवघड जागेचे दुखणे. कुणाला विचारायला संकोच वाटतो आणि अनेकजण सायकलच सोडून देतात. खरे तर थोडे मोजमाप आणि काही दिवसांचा धीर एवढ्यावर बहुतेकांचा प्रश्न सुटतो.

भार कुठे पडावा

कटीच्या तळाशी दोन्ही बाजूंना हाडांचे एकेक टोक असते. कडक बाकावर बसून तळहात खाली सरकवला की ही बैठकीची हाडे हाताला लागतात. वजन पेलायची जागा तीच. त्यांच्या मधल्या मऊ भागातून जननेंद्रियांकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तिथे दाब आला की मुंग्या येतात, मग बधीरपणा येतो. फार मऊ गादीत हाडे खोल रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन नेमक्या याच भागाला दाबतो. पाच-सात किलोमीटरपर्यंत ती सुखाची वाटते, तासाभराने असह्य होते.

बैठकीची हाडे पुढच्या बाजूला एकमेकांकडे निमुळती होत जातात. ताठ बसणाऱ्याचा भार मागच्या रुंद टोकांवर येतो. हँडलवर वाकणाऱ्याची कटी पुढे कलते आणि भार पुढच्या अरुंद भागावर सरकतो. म्हणूनच दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या काळ्या सायकलवर रुंद, स्प्रिंगची सीट योग्य असते आणि रेसिंग सायकलवर अरुंद. एकीची सीट दुसरीला लावली की दोन्हीकडे त्रास होतो.

रुंदी मोजणे

बैठकीच्या हाडांमधले अंतर देहाच्या आकारमानावरून ओळखता येत नाही. सडपातळ माणसाचे जास्त आणि धिप्पाड माणसाचे कमी असू शकते. स्त्रियांमध्ये ते सरासरीने अधिक असते, पण व्यक्तिव्यक्तींमधला फरक इतका मोठा आहे की खोक्यावरच्या ‘लेडीज’ किंवा ‘जेन्ट्स’ या शिक्क्यापेक्षा मोजपट्टीवर विसंबावे.

मोजायला पन्हळी पुठ्ठ्याचा साधारण ३० सेंमी लांब-रुंद तुकडा पुरतो. तो कडक स्टुलावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवावा. पातळ कपड्यांत त्यावर बसावे, टाचा उचलाव्यात म्हणजे गुडघे वर येतात, सायकलवर वाकतो तितके पुढे वाकावे आणि स्टुलाच्या कडा धरून स्वतःला खाली ओढावे. अर्ध्या मिनिटाने उठून पुठ्ठ्यावर टॉर्चचा प्रकाश तिरका पाडला की दोन खळगे दिसतात. दिसत नसतील तर खडू आडवा धरून हलकेच फिरवावा. खळगे कोरे राहतात. प्रत्येक खळग्याच्या सर्वांत खोल बिंदूवर खूण करून त्या दोन बिंदूंमधले अंतर घ्यावे. नवा पुठ्ठा घेऊन हे तीनदा करावे. तीन आकड्यांत ५ मिमीपेक्षा जास्त तफावत आली तर बहुधा बसताना सरकणे झालेले असते.

या आकड्यात बसण्याच्या ढबीप्रमाणे भर घालतात : खूप वाकून चालवणाऱ्याने सुमारे १० मिमी, मध्यम वाकणाऱ्याने २०, ताठ बसणाऱ्याने ३० किंवा अधिक. अंतर ११८ मिमी असून मध्यम वाकण्याची सवय असेल तर १३८ येतात. बाजारात १४३ मिमी रुंदीची सीट सहज मिळते, ती पाहावी. मात्र सीटवर छापलेली रुंदी कडेपासून कडेपर्यंतची असते. पाठ गोलसर आणि कडा खाली उतरलेल्या असतील तर हाडांना टेकायला त्याहून बरीच कमी जागा मिळते. अरुंद सीटवर हाडे कडेबाहेर लटकतात आणि भार मध्यभागी येतो. फार रुंद सीटवर मांड्यांची आतली बाजू प्रत्येक फेऱ्याला घासते.

आकार

बसल्यावर सतत जागा बदलणाऱ्याला मागून पुढे सपाट असलेली सीट बरी पडते, एकाच जागी स्थिर बसणाऱ्याला किंचित खोलगट. मधली खाच किंवा भोक मऊ भागावरचा दाब कमी करते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉ. रॉजर मिन्को यांनी स्पेशलाइज्ड कंपनीसाठी अशा सीटचे काम केले आणि तेव्हापासून हा प्रकार रुळला. खाच प्रत्येकाला मानवतेच असे नाही. तिच्या काठांवर दाब एकवटून काहींना जास्त टोचते. त्यांनी भोकाऐवजी उथळ पन्हळ असलेली सीट वापरून पाहावी.

आखूड नाकाच्या सीट वाकून चालवणाऱ्यांसाठी निघाल्या. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना यूसीआयच्या नियमानुसार स्पर्धेतल्या सीटची लांबी २४ ते ३० सेंमी असावी लागते, आणि यांतल्या कित्येक सीट २४ सेंमीच्या सीमेवरच असतात. नाकच नसलेल्या सीटचा अभ्यास अमेरिकेतील नायोश या सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांवर केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात अशा सीटमुळे दाब आणि बधीरपणा दोन्ही घटल्याचे दिसले. मांड्यांनी सायकल आवरायला नाकाचा उपयोग होतो, तो इथे मिळत नाही. गर्दीत किंवा उतारावर याची सवय करावी लागते.

बसवणी

नव्या सीटला दोष देण्याआधी हे काम नीट करावे, कारण निम्मी दुखणी इथेच मिटतात. जुनी सीट काढण्यापूर्वी क्रँकच्या (पायडल ज्यावर बसते त्या दांड्याच्या) आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे आणि सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर लिहून ठेवावे. लांब आणि आखूड सीटची तुलना नाकापासून केली तर फसगत होते. दोन्हींवर जिथे रुंदी ८० मिमी भरते तिथे खूण करून त्या खुणा जुळवाव्यात.

उंचीसाठी अनवाणी भिंतीला पाठ लावून, पावलांत १५-२० सेंमी अंतर ठेवून उभे राहावे आणि जाड पुस्तक जांघेपर्यंत घट्ट वर घ्यावे. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतच्या मापाला ०.८८३ ने गुणले की आसापासून सीटच्या माथ्याची उंची मिळते. ७८ सेंमीला ती सुमारे ६८.९ सेंमी येते. क्रँकची लांबी आणि बुटाचा तळ यांनी हे बदलते, म्हणून पडताळा घ्यावा : पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय जेमतेम सरळ व्हावा. सीट उंच असेल तर कंबर डावी-उजवी हेलकावते आणि कातडी सोलवटते. ती बुटकी असेल तर पायडलवर पुरेसा भार जात नाही, सगळे वजन बुडावर येते आणि गुडघ्याची पुढची बाजू दुखते. वर घेताना सीटपोस्टवरची (सीट पेलणाऱ्या नळीवरची) कमाल उंचीची रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. नाहीतर पोस्ट वाकते किंवा फ्रेमला चीर जाते.

पुढे-मागे जागेसाठी क्रँक आडवा करून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडावा. तो पायडलच्या आसाच्या आसपास पडला तर सुरुवात ठीक आहे. सीट १० मिमी मागे सरकवली की पायडलपासूनचे अंतर सुमारे ३ मिमीने वाढते, तेवढी ती खाली घ्यावी. सीटखालच्या दांड्या क्लॅम्पमध्ये (त्यांना पोस्टवर आवळून धरणाऱ्या पकडीत) छापील खुणांच्या आतच धराव्यात.

कल सर्वांत नाजूक. सीटवर सपाट फळी ठेवून तिच्यावर पाणसळ ठेवावी आणि समपातळीपासून सुरुवात करावी. नाक वर राहिले तर मऊ भाग दाबला जातो. ते फार खाली गेले तर स्वार पुढे घसरत राहतो, हातांनी स्वतःला मागे रेटतो, आणि तळहातांत मुंग्या येऊ लागतात. हाताच्या अशा तक्रारीचे मूळ सीटमध्ये असू शकते, हे सहसा लक्षात येत नाही. एका वेळी अर्धा ते एक अंशच बदल करावा. दोन बोल्टच्या पोस्टवर हे सहज जमते. एका बोल्टच्या, दातेरी क्लॅम्पवर कल एकेका दात्याने उडी मारतो. काळ्या सायकलच्या क्लॅम्पचे दाते झिजले की नट कितीही आवळला तरी नाक चालता चालता खाली-वर होते. तिथे क्लॅम्पच बदलावा.

एका फेरीत एकच बदल करावा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. नव्या सीटवर बैठकीची हाडे आठवडा-दोन आठवडे ठणकतात आणि मग सरावतात. बधीरपणा मात्र सरावाने जात नाही. त्यासाठी वाट पाहू नये. बसवणी दुरुस्त करूनही तो टिकला, किंवा सायकलवरून उतरल्यावर बराच वेळ राहिला, तर डॉक्टरांना दाखवावे. एकाच बाजूला पुळ्या किंवा गळू होत असतील तर सीट तिरपी बसली आहे का, दोन पायांच्या लांबीत फरक आहे का, हे पाहावे.

पॅडची सायकलिंग शॉर्ट अंतर्वस्त्राशिवाय घालतात. अंतर्वस्त्राच्या शिवणीच घासून जखमा करतात. शॉर्ट प्रत्येक फेरीनंतर धुवावी. दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण पायडलवर उभे राहिले की रक्तप्रवाह मोकळा होतो. घाटात माणूस बराच वेळ एकाच जागी जखडून बसतो, तिथे हे विसरू नये. २०० किमीची ब्रेवे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल-सफर, १३ तास ३० मिनिटांच्या मुदतीत पुरी करायची असते. नवी सीट घेऊन थेट तिथे उतरू नये.

चामड्याची सीट

बर्मिंगहॅमच्या ब्रूक्स कंपनीचे (स्थापना १८६६) बी १७ हे प्रारूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजही बनते. यात गादी नसते. जाड चामडे दोन टोकांमध्ये ताणलेले असते आणि काही शे किलोमीटरनंतर त्यावर स्वाराच्या हाडांचे खळगे पडतात. लांब पल्ल्याला ती अनेकांना इतर कशाहूनही मानवते. तिचे वजन अर्धा किलोच्या आसपास असते आणि पावसाळा तिचा शत्रू आहे. चिखल खालून उडतो, म्हणून मडगार्ड हवेच आणि मेण खालच्या बाजूनेही लावावे. भिजलेल्या सीटवर बसले तर चामडे ताणून झोळ पडतो. ती सावलीत वाळवावी, उन्हात किंवा हीटरजवळ नको. कोकणात बंद खोलीत ठेवली तर बुरशी धरते. चामडे लवकर मऊ व्हावे म्हणून तेलात भिजवणाऱ्यांची सीट वर्षभरात लोंबते. नाकाखालचा ताण देण्याचा नट झोळ दिसल्यावरच आणि पाव फेऱ्याने फिरवावा; उगाच आवळत गेल्यास चामडे रिव्हेटांपाशी फाटते.