कॉलेजचा उपग्रह सोडायचाय? आधी फ्रिक्वेन्सीचं बघा

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचा एक किलोचा उपग्रह 'स्वयं' 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटमधून गेला, आयआयटी मुंबईचा दहा किलोचा 'प्रथम' त्याच वर्षी 26 सप्टेंबरला. दोन्हींना आठ-नऊ वर्षं लागली. सुरुवात करणारी मुलं तोवर केव्हाच पास होऊन गेली होती.

त्यामुळे अर्ज संस्थेच्या नावाने करायचा आणि निदान एक प्राध्यापक शेवटपर्यंत टिकणारा हवा. परवानगी देणारं कार्यालय म्हणजे केंद्र सरकारचं इन-स्पेस, अर्ज त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर. संस्थेची नोंदणी, सहीचा अधिकार कोणाला याचं पत्र, उपग्रहाचं वजन-माप, कक्षा, पेलोड (म्हणजे वर नेऊन काम करणारं उपकरण), ग्राउंड स्टेशनची जागा आणि काम संपल्यावर तो खाली कसा येणार, एवढं तयार ठेवा. शेवटचा मुद्दा दोन ओळींत उरकू नका. अवकाशातल्या कचऱ्याबद्दल आता बारकाईने विचारतात.

सगळे रॉकेटच्या मागे लागतात, पण खरा वेळ खाते ती फ्रिक्वेन्सी. विद्यार्थी उपग्रह बहुधा हौशी रेडिओच्या 145 किंवा 435 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. त्यासाठी टीममध्ये परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारा, हवा. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाकडे समन्वयाचा अर्ज करायचा. त्याला फी नाही. मात्र मोहीम खरोखर हौशी रेडिओच्या कामाची हवी, त्यातून कमाई नको, आणि उपग्रहाकडून येणारा सिग्नल कोणालाही उलगडता यावा. पुढे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परवाना, आणि तिच्यामार्फतच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे नोंद. ट्रान्समीटर विकत घेण्याआधीच हे सुरू करा. मिळालेली फ्रिक्वेन्सी घेतलेल्या रेडिओत बसली नाही, तर पैसे पाण्यात.

क्यूबसॅट, म्हणजे ठरावीक मापाच्या युनिटांचा छोटा उपग्रह, असेल तर एक युनिट म्हणजे 10 सेंटिमीटरचा चौकोनी डबा. अँटेना बऱ्याचदा चक्क मेजर टेपच्या स्टीलच्या पट्टीचा! तो दुमडून नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात आणि वर गेल्यावर तापलेल्या तारेने दोरा जाळतात. पण रॉकेटपासून सुटल्यावर 30 मिनिटं अँटेना उघडायचा नाही, 45 मिनिटं सिग्नल सोडायचा नाही. थरथर आणि निर्वात-तापमान चाचण्यांचे अहवालही लागतातच.

पहिलीच खेप असेल तर स्वतंत्र उपग्रहाचा हट्ट कशाला? पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर 'पोएम' म्हणून कक्षेत फिरत राहतो, पेलोडला वीज तोच पुरवतो. मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा हौशी रेडिओचा पेलोड 'बिलीफसॅट-0' 1 जानेवारी 2024 ला असाच गेला. फ्रिक्वेन्सीचे कागद मात्र तिथेही चुकत नाहीत.