शाळेत 100 मीटरच का? मुलांच्या धावण्याच्या अंतरामागचा इतिहास

डिसेंबर आला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांत क्रीडा सप्ताहासाठी फक्कीने पट्टे आखले जातात. तिसरी-चौथीच्या मुलांनाही बऱ्याच ठिकाणी 100 मीटरच पळवतात. मैदान तेवढं लांब नसलं तर तिरपं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. 'पय रे भो, पय!' म्हणत कडेची पोरं ओरडत असतात आणि साठ-सत्तर मीटरवर निम्मे जण पाय ओढू लागतात. यात त्या पोरांचा काही दोष नाही. हे अंतर त्यांच्या वयाकडे बघून कधी ठरलंच नव्हतं.

इंग्रजांच्या शर्यती यार्डात असत, 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये 100 मीटर आले. अमेरिकेचा टॉम बर्क 12 सेकंदांत जिंकला. 1956 च्या कायद्याने आपण मेट्रिक मापं स्वीकारली आणि यार्डाची जागा मीटरने घेतली. मोजपट्टी बदलली, अंतर मोठ्या माणसांचंच राहिलं. आजही शालेय स्पर्धांत 14 वर्षांखालील गटाला 100 मीटर असतात, आणि त्या स्पर्धेची तयारी म्हणून तेच अंतर हळूहळू खालच्या वर्गांत उतरतं.

व्यायामाचा स्वतंत्र विचार खान्देशाला नवा नाही. योगाचे अभ्यासक स्वामी कुवलयानंद 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढण्याआधी अमळनेरला राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि बडोद्याच्या प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. पुढे मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवरही त्यांनी काम केलं. शर्यतीचं अंतर मात्र शाळांनी स्पर्धेकडे बघूनच उचललं, असं मला वाटतं.

अंतर कमी करण्याचा विचार आला तो तंदुरुस्तीच्या चाचण्यांतून. अमेरिकेत 1950 च्या दशकात मुलांची शारीरिक क्षमता घसरल्याची ओरड झाली. त्यातून 1958 मध्ये शाळांसाठी जी चाचणी आली, तिच्यात वेगासाठी 50 यार्ड ठेवले होते. आपल्या केंद्र सरकारच्या 'खेलो इंडिया' या क्रीडा योजनेतल्या शालेय चाचणीतही वेग 50 मीटरवरच मोजतात, तोही चौथीपासून पुढे. पहिली ते तिसरीला वेगाची धाव नाहीच. तिथे एका पायावरचा तोल आणि हाताची चपळाई बघतात.

यामागचं कारण सरळ आहे. शरीर मीटर मोजत नाही, वेळ मोजतं. पूर्ण जोर लावून पळण्याचं स्नायूंतलं तयार इंधन दहाएक सेकंदांत संपत येतं. निष्णात धावपटूचे 100 मीटर जवळपास तेवढ्यातच उरकतात. दहा वर्षांच्या मुलाला त्यालाच 18 ते 20 सेकंद लागतात, म्हणजे वेळेच्या हिशेबाने तो त्या धावपटूचे 200 मीटर पळतो. त्यात लहान मुलं 20-30 मीटरलाच आपला सर्वाधिक वेग गाठतात, आणि पुढची ऊर्जा झटपट पुरवण्याची स्नायूंची ताकद त्यांच्यात मोठ्यांपेक्षा कमी असते. उरलेल्या अंतरात वेग वाढत नाही, पळण्याची ढब तेवढी बिघडते.

म्हणून पहिली-दुसरीला 20 ते 30 मीटर, तिसरी ते पाचवीला 40 ते 50, सहावी-सातवीला 60 ते 80, आणि 100 मीटर त्यानंतर, हे मला रास्त वाटतं. अंतिम रेषेपुढे थांबायला पंधरा मीटर मोकळी जागा हवीच. काळ्या मातीच्या मैदानावर पाऊस सरला की भेगा पडतात, त्या आधी बुजवून घ्याव्यात. उन्हाळ्यात शर्यत घ्यायचीच असेल तर ती सकाळी आठच्या आत.